पेनांगचे पहिले तीन दिवस: दोघांनी मिळून खात फिरायचं तर

पहिल्यांदा पेनांगला निघालो तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या फ्रिजवर महिनाभर एक कागद लावलेला होता. बावीस पदार्थ, आणि प्रत्येकापुढे गल्लीचं नाव. उतरल्या दिवशी संध्याकाळी त्यातले पाच झाले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी चार. त्याच रात्री नवऱ्याचं पोट बिघडलं आणि तिसरा अख्खा दिवस हॉटेलच्या खोलीत मीठ-साखरेच्या पाण्यावर गेला. खालच्या रस्त्यावर कढया खणखणत होत्या, परतलेल्या लसणाचा वास खिडकीतून वर येत होता आणि आम्ही पडदे ओढून बसलो होतो.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. त्या खेपेला दहा दिवसांत औषधाचा डबा एकदाही उघडावा लागला नाही, आणि खाऊन झालं मात्र पहिल्यापेक्षा दुप्पट. फरक एवढाच की पदार्थांची यादी घरी ठेवली आणि वेळा ठरवून गेलो. पहिले तीन दिवस पोटाला नव्या घड्याळाची, नव्या तेलाची आणि उकाड्याची सवय होऊ द्यायची, मग पुढचे दिवस ते पोटच तुम्हाला सांभाळतं. ते तीन दिवस कसे बांधायचे, ते इथे सांगते.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतचं बेट आणि जॉर्जटाऊन हे त्यावरचं जुनं शहर. २००८ साली ते मलाक्का शहराबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. मलय, चिनी आणि तमिळ अशी तीन स्वयंपाकघरं तिथे एकाच गल्लीत भिंतीला भिंत लावून आहेत. तांदूळ, नारळ, मासे, गूळ, आंबट. कोकणी जिभेला यातलं काहीच परकं नाही, तरी प्रत्येक घास नवा लागतो. दोघांच्या पहिल्या खाऊवारीसाठी मी हेच गाव सुचवते.

कागदपत्रं, विमान, खोली

हे पटकन उरकते. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. तिकीट काढण्याआधी नियम सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, ते फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर लांब राहा.

मुंबई ते क्वालालंपूर साधारण पाच तास आणि तिथून पेनांग तासाभराचं विमान. दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा, आणि दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरची आहेत का ते पाहा. क्वालालंपूरला दोन टर्मिनलं आहेत आणि त्यांच्यामध्ये ट्रेनने जावं लागतं. रेल्वेची आवड असेल तर क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत चार-एक तासांची वेगवान गाडी आहे, पुढे फेरीबोटीने खाडी ओलांडली की समोर जॉर्जटाऊन. परतीला आम्ही हाच रस्ता घेतला. जाताना मात्र विमानच बरं, कारण रात्रभर जागं राहिल्यावर आणखी चार तास बसून काढणं अंगावर येतं. ठाणेकरांनी संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची गर्दी धरून निघावं, नाहीतर सहलीची सुरुवातच धावपळीत होते.

खोली जुन्या शहरात घ्या: चुलिया स्ट्रीट, किंबर्ली स्ट्रीट, कॅम्पबेल स्ट्रीट यांच्या आसपास. समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं सुंदर आहेत, पण ती उत्तरेला लांब. खाऊवारीत खोली चालत गाठता आली पाहिजे, कारण दुपारची झोप हा या बेताचा कणा आहे. खोलीच्या भाड्याशिवाय परदेशी पाहुण्यांना दर रात्री १० रिंगिट (रिंगिट हे तिथलं चलन) पर्यटन कर पडतो. तिथे चौकोनी तीन पिनांचा प्लग चालतो, तो जोड बरोबर घ्या.

आपण काय खात नाही, ते लिहून काढा

निघण्याच्या आठवडाभर आधी दोघांनी एका संध्याकाळी समोरासमोर बसायचं आणि आपण काय खात नाही ते स्पष्ट ठरवायचं. लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, या गप्पांत नवीन काहीतरी निघतंच. आमच्याकडे मी मासे-मटण सगळं खाते. नवरा कोंबडी आणि मासे खातो, पण कालवं-शिंपल्या नाही. गाईचं आणि डुकराचं दोघंही खात नाही. मग पुढचा प्रश्न: डुकराच्या चरबीत परतलेलं, पण तुकडे नसलेलं चालेल का? एकाच कढईतलं चालेल का? शाकाहारी असाल तर सुक्या कोळंबीची पेस्ट चालेल का? तिला तिथे बलाचान म्हणतात आणि ती भाजीपासून चटणीपर्यंत सगळीकडे असते. याची उत्तरं घरी ठरलेली बरी. गाडीसमोर, मागे रांग लागलेली असताना, ती ठरत नाहीत.

मग तेच मलयमध्ये कागदावर लिहून घ्या आणि दोनचार शब्द पाठ करा. 'ताक' म्हणजे नाही. आपल्या ताकावरून लक्षात राहतं. 'ताक माऊ' म्हणजे नको. 'आयाम' कोंबडी, 'इकान' मासे, 'उदांग' कोळंबी, 'तेलुर' अंडं, 'कांबिंग' बकरा, 'बाबी' डुक्कर. 'दागिंग' म्हणजे खरं तर मांस, पण खानावळीत नुसतं दागिंग म्हटलं की बहुतेक वेळा गाईचंच समजायचं. आणि एक शब्द मराठी माणसाने विशेष जपायचा: गाईला तिथे 'लेंबू' म्हणतात. जेवताना सवयीने 'लिंबू, लिंबू' करू नका. लिंबाला 'लिमाऊ' म्हणायचं.

शाकाहाऱ्यांची तिथे उपासमार होत नाही. लिटल इंडिया या जुन्या शहरातल्या तमिळ वस्तीत केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि चिनी बौद्ध शाकाहारी खानावळीही बऱ्याच आहेत. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. तेव्हा असंख्य लोक मांस सोडतात आणि शाकाहारी गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात. अनेकदा तो आपल्या नवरात्राच्याच आसपास येतो, त्यामुळे नऊ दिवस पाळणाऱ्यांना तो काळ सोयीचा. संकष्टी करत असाल तर तारीख पाहून ठेवा, आणि चंद्रोदय तिथला पाहा, ठाण्याचा नाही. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

ठाण्यातला सराव

हसू नका, याचा खरंच उपयोग होतो. निघण्याआधीच्या दोन रविवारी आम्ही एक नियम पाळला: बाहेर जे खायचं ते एकच प्लेट मागवायची आणि दोघांनी खायची. मामलेदारला एक मिसळ दोघांत, तलावपाळीवर एक भेळ दोघांत. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याला 'तुझी वेगळी, माझी वेगळी' अशी सवय असते. पेनांगला हा नियम मोडला की दोन थांब्यांत पोट भरतं आणि दिवस संपतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तलावपाळीवर सकाळी नऊला पाणीपुरी मागितली तर कोण देणार आहे? मिसळ सकाळची, वडापाव दुपारनंतरचा, कुल्फी रात्रीची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पेनांगच्या गाड्यांचंही तसंच आहे. एकाच जागी सकाळी एक गाडी, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी निराळी, आणि माल संपला की दुपारी दोनलासुद्धा गाडी बंद. एका पदार्थासाठी शहर ओलांडून जाऊ नका. जवळपास दुसरं काहीतरी हाताशी असेल अशाच भागात जा.

वासाचा सराव चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूच्या लोकांना लागणार नाही. जवळ्याची चटणी भाजताना घर सोडून जाणाऱ्यांनी मात्र एकदा तो वास घेऊन पाहावा. बलाचानचा वास त्याच घरातला आहे.

बॅगेत जलसंजीवनीची पाकिटं, नेहमीची औषधं चिठ्ठीसह, टोपी, छत्री आणि कोरडा चिवडा. दिवाळीच्या सुमारास सिंगापूरमार्गे जाणार असाल तर अनारसे घेऊ नका: त्यांवरची खसखस सिंगापुरात बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि हा गुन्हा तिथे किरकोळ समजत नाहीत.

पहिला दिवस: ओळखीपासून सुरुवात

रात्रीच्या विमानाने निघालात तर दुपारच्या सुमारास खोलीवर पोचाल. विमानतळ शहराच्या दक्षिणेला सोळा-एक किलोमीटरवर आहे. ॲपवरची टॅक्सी घ्या, बसही आहे. आंघोळ करून दोन तास झोपा. गजर लावा, कारण संध्याकाळ झोपेत गेली तर रात्र जागून जाते.

चारच्या उन्हात पहिला पदार्थ चेंडोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, पंडनच्या पानाने हिरव्या झालेल्या तांदळाच्या मऊ शेवया, शिजवलेले लाल दाणे आणि वरून ताडगुळाचा काळसर पाक. पेनांग रोडलगतच्या केंग क्वी स्ट्रीटवर उभं राहून तो वाटीतून खायचा. मी पहिला चमचा घेतला आणि आमच्या आजीची खांडवी आठवली. तसाच गूळ आणि तसाच नारळ, फक्त थंडगार. मोठ्या, गर्दीच्या ठिकाणचा बर्फ कारखान्याचा असतो, त्याची धास्ती नको. नळाचं पाणी मात्र थेट पिऊ नका.

संध्याकाळी सातला रोती चनाय. मैद्याचा गोळा हवेत फिरवून पातळ करतात, घडी घालून तुपात किंवा मार्जरीनमध्ये भाजतात आणि डाळीबरोबर देतात. शेजारी 'तेह तारिक', म्हणजे उंचावरून ओतून फेसाळवलेला दुधाचा चहा. तो घट्ट गोड दुधाचा असतो. गोड कमी हवा तर 'कुरांग मानिस' म्हणा. दोघांत दोन रोत्या, एक चहा, बस. मग समुद्राकाठच्या मोकळ्या मैदानाला एक फेरी मारा. तिथल्या गाड्यांवर पासेंबूर दिसेल: भजी, काकडी, उकडलेला बटाटा आणि रताळं-शेंगदाण्याची गोडसर तिखट चटणी. ते बघून ठेवा, आज खाऊ नका. रात्री दहाला झोपायचं.

पहिल्या दिवशी इतकंच? हो. माझा यावर फार भर आहे, कारण आमचा पहिला प्रवास इथेच फसला होता.

कॉफीच्या दुकानाचे नियम

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पहिल्यांदा 'कोपितियाम'मध्ये शिराल. 'कोपी' म्हणजे कॉफी आणि 'तियाम' म्हणजे दुकान. आत पंखे, संगमरवरी टेबलं आणि कडेने पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या असतात. दुकानमालक फक्त पेयं विकतो आणि गाडीवाले त्याचे भाडेकरू असतात. म्हणून आधी टेबल धरायचं, त्याचा नंबर पाहायचा, मग एकाने गाडीवर जाऊन पदार्थ आणि टेबल नंबर सांगायचा. दुसऱ्याने बसून राहायचं, कारण पेयवाला येऊन विचारतो. पेय न घेता बसणं बरं दिसत नाही आणि काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागतात. पदार्थ टेबलावर आला की त्या त्या गाडीचे पैसे तिथेच रोख द्यायचे, म्हणून सुटे जवळ हवेत. दहा आणि पाचच्या नोटा सकाळीच करून घ्या. टीप देण्याची पद्धत नाही.

कॉफीची भाषा शिकायला पाच मिनिटं लागतात. नुसतं 'कोपी' म्हटलं की गोड घट्ट दुधाची. 'कोपी ओ' म्हणजे काळी, साखर घातलेली. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे काळी, बिनसाखरेची. कोसोंग म्हणजे शून्य. 'कोपी सी' आटवलेल्या बिनगोड दुधाची, त्यात साखर वेगळी घातलेली. शेवटी 'पेंग' जोडलं की बर्फ घालून. चहाला हेच सगळं 'तेह' लावून. मधुमेह असलेल्यांनी 'कोसोंग' हा शब्द पक्का धरावा.

हाक कशी मारायची, हेही सांगते. वयस्क चिनी गाडीवाल्यांना 'अंकल', 'आंटी' चालतं. तमिळ मुसलमान खानावळीत वाढणाऱ्याला 'आने' म्हणतात, म्हणजे अण्णा. मलय बाईला 'काक', मलय पुरुषाला 'अबांग'. आपण काका-मावशी म्हणतो, तशीच ही नाती. नुसतं 'हॅलो' म्हणण्यापेक्षा या एका शब्दाने समोरचा चेहरा उजळतो आणि कुठलं जास्त तिखट, कुठलं आज ताजं, ते आपणहून सांगायला लागतो.

दुसरा दिवस: कावडीचं जेवण आणि रात्रीची कढई

सकाळी कॉफी आणि टोस्टवर भागवा. मग चौरस्ता मंडईत चक्कर टाका. हो, तिचं नाव खरंच चौरस्ता. मुरवलेली फळं, सुके मासे, मसाले आणि जायफळाच्या फळाचे वाळवलेले काप. आपल्याकडे जायफळ म्हणजे बी, तिथे त्याच्या सालीसकट गराचं सरबतही करतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात या बेटावर जायफळाच्या बागा लागल्या. थंड, किंचित तुरट असं ते सरबत दुपारच्या जेवणानंतर घ्या.

दुपारचं जेवण अकरा-साडेअकराला, गर्दीच्या आधी: नासी कांदार. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. दक्षिण भारतातून आलेले तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवणं घेऊन गोदीतल्या हमालांना जेवण पुरवत, तेव्हापासूनचं हे नाव. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासून चालू आहे. इतरही बरीच आहेत, रांग लांब दिसली की उभं राहावं.

रांगेत पुढे सरकत बोट दाखवून निवडायचं. भात, एक मासा किंवा कोंबडी, एक भाजी. भेंडीला तिथे 'बेंडी'च म्हणतात. ते ऐकून नवरा एवढा खूश झाला की त्याने दोनदा मागितली. मोठी कोळंबी, माकूल किंवा माशाचं डोकं घ्यायचं असेल तर आधी 'बेरापा?', म्हणजे 'किती?', असं विचारा, कारण ताटाची किंमत निवडीवर ठरते आणि तीच महाग असतात. भाताची चव असते ती शेवटी ओतल्या जाणाऱ्या रश्शांमध्ये. चार-पाच रस्से एकमेकांत मिसळून घालतात, आणि भात पूर्ण बुडवून हवा तर 'बांजिर' म्हणायचं, म्हणजे पूर.

इथेच आमच्याकडून एक चूक झाली होती. पहिल्या खेपेला एका खानावळीत आम्ही कोंबडी निवडली, पण रस्से ओततानाच्या डावाकडे लक्ष दिलं नाही. ताट हातात आल्यावर कळलं की त्यातला एक रस्सा गाईच्या मांसाचा होता. वाढणाऱ्याची काही चूक नव्हती, तिथली रीतच ती. आम्ही ताट तसंच ठेवलं, पैसे दिले आणि उठलो. नवरा दुपारभर गप्प होता. म्हणून भात वाढायला सुरुवात होण्याआधीच 'कुआह दागिंग ताक माऊ' म्हणा, म्हणजे गाईच्या मांसाचा रस्सा नको. 'कुआह आयाम' म्हटलं की कोंबडीचा घालतात.

दोघांत एकच ताट घ्या. उजव्या हाताने खा, हात धुवायला बेसिन असतं. मग खोलीवर जाऊन दोन तास झोपा. दुपारी एक ते चार त्या गावात फिरण्यात अर्थ नाही. ऊन डोक्यावर, हवेत दमट वाफ आणि पोटात भात.

रात्रीसाठी 'चार क्वे त्याव'. यातला 'चार' आकडा नाही, 'चार' म्हणजे परतलेलं. तांदळाच्या चपट्या रुंद शेवया, कोळंबी, अंडं, मोड आलेले मूग, लसणाच्या पातीसारखी पात, सोया आणि मिरचीची पेस्ट. चिनी गाडीवर तो बहुधा डुकराच्या चरबीत परततात आणि त्यात डुकराचं सॉसेजही असतं. त्यामुळे आमच्यासारख्यांनी हलाल पाटी असलेली गाडी शोधावी, तिथे दोन्ही नसतं. शिंपल्या नको असतील तर 'ताक माऊ केरांग'. त्या अर्धवट शिजवलेल्या असतात. पहिल्या तीन दिवसांत शिंपल्या खाणाऱ्यांनीही टाळलेल्या बऱ्या.

गाडीसमोर उभं राहून बघा. आमच्या समोरचा अबांग एका वेळी एकच प्लेट करत होता. रांगेत आठ माणसं, पण दोन प्लेटी एकत्र टाकल्या नाहीत. कढई धुरकटेपर्यंत तापली, तेल, लसूण, कोळंबी, मग शेवया, आणि झाऱ्याचे चारपाच फटके. शेवया बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडलं, ते अर्धवट जमलं की शेवया त्यावर ओढल्या. मोड अगदी शेवटी, दहा सेकंद. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. मोडांचा कचकचीतपणा तसाच राहतो आणि शेवयांना जळक्या धुराची चव लागते. म्हणून ही प्लेट गाडीशेजारीच खायची. बांधून खोलीवर नेली की वाफेने मऊ पडते आणि काहीच उरत नाही. त्या रात्री आम्ही एक संपवून दुसरी मागवली. नियम मोडला, पण पोटात जागा होती, कारण दुपारी एकच ताट घेतलं होतं.

तिसरा दिवस: डोंगर, देऊळ आणि कोकमाचा भाऊबंद

सकाळी लवकर एअर इतामच्या बाजूला जा. पेनांग हिलवर केबलने ओढली जाणारी रेल्वे १९२३ पासून आहे. डोंगर ८३३ मीटरचा. वर गेलं की माथेरानसारखी थंड हवा आणि खाली पूर्ण बेट. दहाच्या आत खाली उतरा, नंतर रांगा लागतात. मग जवळच केक लोक सी हे मोठं बौद्ध देऊळ. पायऱ्या भरपूर आहेत, त्या चढा, भूक लागायला हवी.

भूक लागायला हवी ती आसाम लाक्साकरता. इथला 'आसाम' म्हणजे आंबट, आपल्या आसाम राज्याशी संबंध नाही. बांगड्याच्या कुळातला मासा उकडून, काटे काढून, त्याचा गर रश्शातच कुस्करतात. जाड तांदळाच्या शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, लाल मिरची आणि आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी बारीक चिरून. कडेला चमचाभर काळी, चिकट, गोडसर कोळंबीची पेस्ट.

आंबटपणासाठी चिंच असते आणि 'आसाम केपिंग' नावाचे वाळलेले काप असतात. ते ज्या फळाचे, ते झाड गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचंच. मी वाटी तोंडाला लावली तेव्हा हे माहीत नव्हतं. पण पहिल्या घोटाला बांगडा आणि कोकम असं काहीतरी ओळखीचं जिभेवर आलं आणि मागोमाग पुदिना, अननस असं अगदी अनोळखी. दोनचार घोट घेईपर्यंत मी काहीच बोलले नाही. नंतर खोलीवर जाऊन शोधलं तेव्हा कळलं, जिभेने बरोबर ओळखलं होतं.

खाताना आधी रस्सा नुसता चाखा. मग काळी पेस्ट थोडी थोडी मिसळा, एकदम नको, सगळी चव तिचीच होते. ज्यांना माशाचा उग्र वास चालत नाही त्यांच्यासाठी हा पदार्थ नाही. जोडीदाराला आग्रह करू नका, शेजारच्या गाडीवर त्याच्यासाठी दुसरं काही मिळेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट हलकं असेल तर न्यू लेनच्या रस्त्यावर रात्री लागणाऱ्या गाड्यांवर दोनतीन छोटे पदार्थ घ्या, पहिल्या दिवशी बघून ठेवलेलं पासेंबूर खा. जड वाटत असेल तर नारळपाणी आणि भात-डाळ. गावात लिटल इंडिया असणं हे केवढं सुख आहे, ते अशा संध्याकाळी कळतं. क्वीन स्ट्रीटवरच्या १८३३ सालच्या मरिअम्मनच्या देवळात आरतीच्या वेळी पोचलात तर दहा मिनिटं बसा.

पोट, पैसे आणि भांडणं

दिवसाला दोघांत मिळून पाच-सहा पदार्थ, त्यांतलं एकच जड, ही मर्यादा पहिले तीन दिवस पाळा. दर दोन तासांनी पाणी. जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनी, पेज, आराम. ताप किंवा रक्त दिसलं तर वाट न बघता डॉक्टर. प्रवास विमा काढलेला असू द्या.

एक रिंगिट ढोबळमानाने वीस-बावीस रुपये धरा, दर निघताना पाहा. गाड्यांवर खाल्लं तर माणशी दिवसाला पन्नास-साठ रिंगिट पुरतात. रोती दोन-तीनला, लाक्सा सात-आठला, चार क्वे त्याव आठ-बाराला. एका लहान वहीत एकाने रोजचा हिशेब लिहायचा आणि दुसऱ्याने पदार्थाचं नाव, गल्ली, वेळ. चार दिवसांनी 'ती कुठली गाडी होती?' यावरून वाद होत नाहीत.

आणि भांडण. आमची सगळी भांडणं भुकेच्या वेळी झाली, कुठे जायचं यावरून. म्हणून एक दिवस तो ठरवणार, एक दिवस मी. ज्याचा दिवस त्याचा निर्णय शेवटचा, आणि दुसऱ्याने नाक मुरडायचं नाही. उपाशीपोटी मात्र निर्णय घ्यायचा नाही: आधी जे समोर दिसेल ते केळं, पाव, काहीतरी तोंडात टाकायचं, मग नकाशा उघडायचा.

चौथ्या दिवसापासून

आता फ्रिजवरची यादी काढली तरी चालेल. बेटाच्या मागच्या बाजूला बालिक पुलाऊला जा. तिथे ड्युरियनच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी, उग्र वासाच्या फळाच्या बागा आहेत, जून ते ऑगस्टच्या सुमारास गेलात तर हंगाम सापडतो. ड्युरियनचा पहिला तुकडा दोघांत एकच घ्या. आणि त्याच हंगामात मँगोस्टीन मिळतं. तेही कोकमाच्याच कुळातलं, जांभळं, जाड सालीचं. घेताना फळ उलटं करून बुडावरची फुलासारखी खूण बघा. तिला जितक्या पाकळ्या, आत तितक्याच फोडी. आम्ही सहा पाकळ्यांची निवडून घेतली, तीन त्याच्या, तीन माझ्या. दोन तळव्यांत धरून हळूच दाबलं की साल तडकते. सालीचा रस कपड्यावर कोकमासारखाच डाग पाडतो आणि तो जात नाही, म्हणून बऱ्याच हॉटेलांत ड्युरियनबरोबर मँगोस्टीन न्यायलाही मनाई असते. रस्त्याच्या कडेला, गाडीशेजारीच उभं राहून, थोडं पुढे वाकून खा.